केक दोन दिवसांचा असतो

बाळ, आईचा पन्नासावा वाढदिवस रविवारी, म्हणजे केक शनिवारी भाजायचा. हे आधी ऐक, बाकीचं मग. तुझ्या आईच्या पाचव्या वाढदिवसाला मी सकाळी वाळूच्या गोल ओव्हनमध्ये केक भाजला आणि दुपारीच त्यावर लोण्याचं आयसिंग लावलं. केकच्या पोटात अजून ऊब होती. पाहुणे आले तोवर वरचा थर घसरत ताटाच्या काठाला टेकला होता. ती रडली नाही, पण मला ते ताट आजही दिसतं.

आठ इंची दोन डबे घे. तेल लावून तळाला बटर पेपर घाल. मैदा २५० ग्रॅम, साखर ३००, कोको ७५, दीड चमचा खायचा सोडा, एक चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा मीठ. हे चमचे मापाचे, सपाट. कोको आणि सोडा चाळूनच घे, सोड्याची एक गुठळी राहिली तर तो घास कडू लागतो. दुसरीकडे दोन अंडी, अर्धा कप तेल आणि एक कप घोटलेलं पातळ दही. अंडी आणि दही तासभर आधी फ्रिजबाहेर काढून ठेव.

दही टाळू नकोस. डच पद्धतीच्या कोकोचा आंबटपणा कारखान्यातच मारलेला असतो, मग सोड्याला फुलायला आंबट मिळणार कुठून? ते दह्यातूनच. कोरडं आणि ओलं एकत्र कर आणि शेवटी एक कप कडक, गरम कॉफी हळूहळू ओत. केकला कॉफीची चव येत नाही, पण गरम पाण्याने कोकोचा वास खुलतो आणि कॉफी त्याला खोली देते.

आता घाबरायची जागा येईल. पीठ धिरड्याच्या पिठासारखं पातळ दिसेल. मैदा वाढवायचा नाही! ते तसंच असतं, म्हणूनच केक दुसऱ्या दिवशीही ओला राहतो. ढोकळ्यात सोडा घातल्यावर आपण थांबत नाही, तसंच इथेही. म्हणून ओव्हन १८० अंशांवर पंधरा मिनिटं आधी तापवून ठेव आणि पीठ झालं की डबे लगेच आत.

साध्या केकचा रंग बघून कळतं, हा मुळातच काळा. इथे नाकावर भरवसा ठेव. साधारण तीस मिनिटांनी घरभर वास सुटेल, कडा डब्यापासून सुटू लागतील. तेव्हा विणायची सुई मधोमध खुपसून बघ. एखाददुसरा ओलसर कण चालेल, ओलं पीठ नको. त्याआधी दार उघडलंस तर मध्ये खड्डा पडतो. दहा मिनिटं डब्यात, मग जाळीवर. पूर्ण गार झाल्यावर घट्ट गुंडाळून रात्रभर ठेव.

रविवारी सकाळी डार्क चॉकलेट ४०० ग्रॅम बारीक चिरून घे. पाण्याचा थेंब लागू देऊ नकोस, नाहीतर ते कोरडं घट्ट होतं. ३०० ग्रॅम क्रीम कडेला बुडबुडे येईपर्यंतच तापवून त्यावर ओत. पाच मिनिटं हात लावायचा नाही, मग मधून बाहेर ढवळ. तेल सुटलं तर कोमट दुधाचा एक चमचा घाल, मिळून येईल. लोण्याइतकं घट्ट होईपर्यंत थांब. थरांचे फुगे आडव्या सुरीने कापून सपाट कर आणि वरचा थर पालथा ठेव, म्हणजे सपाट बाजू वर येते. आधी अगदी पातळ लेप देऊन अर्धा तास फ्रिजमध्ये ठेव, त्यात चुरा अडकतो. मग जाड लेप आणि परत फ्रिजमध्ये.

संध्याकाळी औक्षणाच्या तासभर आधी बाहेर काढ, गार चॉकलेटला चव लागत नाही. आणि ताट तेच घे, काठाचं स्टीलचं. माझ्या कपाटात खालच्या फळीवर आहे.