जड क्लच आणि डाव्या गुडघ्याचे दुखणे : कारणे, काळजी व उपचार

आपल्या देशात वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, स्टिअरिंग उजवीकडे असते आणि क्लचचे पेडल डाव्या पायाखाली येते. त्यामुळे हाताने गिअर बदलावयाच्या मोटारीत क्लच दाबण्याचे सारे काम एकट्या डाव्या पायाला करावे लागते. मुंबई, दिल्ली, बेंगळूरु किंवा कोलकाता यांसारख्या शहरांतील कोंडीत मोटार क्षणाक्षणाला थांबते आणि पुन्हा पुढे सरकते. दर २० सेकंदांनी एकदा क्लच दाबला असे धरले, तरी तासाभरात १८० वेळा पेडल दाबले जाते. रोजचा प्रवास दोन तासांचा असल्यास ही संख्या ३६० होते. घाटरस्त्यांवरही वारंवार गिअर बदलावा लागत असल्याने असाच भार पडतो.

क्लच हलका असल्यास निरोगी गुडघा हा भार सहज सोसतो. क्लच जड झाल्यास मात्र तेच काम गुडघ्याला इजा करू लागते. अशा वेळी पुष्कळ जण वेदनाशामक गोळी घेतात आणि त्याच मोटारीत, त्याच पद्धतीने पुन्हा बसतात. गोळीने वेदना तेवढ्यापुरती दबते; कारण जागच्या जागी राहते. म्हणून प्रथम मोटार, नंतर आसन, मग चालविण्याची सवय आणि शेवटी पायाचे स्नायू, या क्रमाने उपाय करावेत. औषध हे या उपायांच्या जोडीला असावे, त्यांच्याऐवजी नसावे.

गुडघ्यात काय घडते?

गुडघ्याच्या पुढील बाजूस असलेली वाटी मांडीच्या हाडाच्या खाचेतून वर-खाली सरकते. मांडीचे पुढील स्नायू आकसले की ते वाटीला ओढतात आणि पाय सरळ होतो. पेडल दाबताना हीच क्रिया होते. गुडघा अधिक वाकलेला असताना जोर लावल्यास वाटी मांडीच्या हाडावर अधिक दाबली जाते. हा दाब पुनःपुन्हा पडल्याने वाटीच्या मागील व सभोवतालच्या भागाला दाह होऊ शकतो. अशा दुखण्यात क्ष-किरण तपासणीत अनेकदा काहीही दोष दिसत नाही. म्हणून वेदना खोटी आहे असे समजू नये.

दुखणे क्लचमुळेच आहे, हे कसे ओळखावे?

पुढील लक्षणे असल्यास क्लचचा संबंध असण्याची शक्यता अधिक असते :

• दुखणे केवळ डाव्या गुडघ्यात, विशेषतः वाटीच्या मागे किंवा भोवती आहे.
• कोंडीतून मोटार चालविल्यानंतर ते वाढते व सुटीच्या दिवशी कमी होते.
• बराच वेळ बसून उठताना, तसेच जिना उतरताना कळ येते.
• दुसऱ्याची, हलक्या क्लचची मोटार चालविताना त्रास कमी होतो.

एका वहीत आठवडाभर नोंद ठेवावी : किती वेळ मोटार चालविली, रस्ता मोकळा होता की कोंडीचा, आणि दुखणे केव्हा वाढले. डॉक्टरांना दाखविताना ही नोंद फार उपयोगी पडते. दोन्ही गुडघे दुखत असल्यास, सकाळी सांधे आखडत असल्यास किंवा वय व वजन अधिक असल्यास संधिवाताचाही विचार करावा लागतो. कमरेच्या किंवा खुब्याच्या विकारातही वेदना गुडघ्यात जाणवू शकते.

प्रथम मोटार तपासून घ्यावी

क्लच एका दिवसात जड होत नाही. तो हळूहळू जड होतो आणि रोज चालविणाऱ्याच्या पायाला त्याची सवय होते. म्हणून त्याच प्रकारच्या, नव्या किंवा नुकत्याच दुरुस्त केलेल्या मोटारीचे पेडल एकदा दाबून पाहावे. फरक लगेच कळतो.

क्लच जड होण्याची नेहमीची कारणे अशी आहेत :

• क्लच प्लेट झिजणे. प्लेट झिजत गेली की प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगची स्थिती बदलते आणि पेडल दाबण्यास अधिक जोर लागतो. पेडल बरेच वर येईपर्यंत मोटार पुढे न सरकणे, ही त्याची एक खूण होय.
• क्लच केबल कोरडी पडणे, गंजणे किंवा तिचे धागे तुटू लागणे.
• पेडलच्या सांध्यातील किंवा रिलीज बेअरिंगजवळील वंगण संपणे.
• तेलाच्या दाबावर चालणाऱ्या क्लचमध्ये सिलिंडर किंवा नळीत दोष निर्माण होणे.
• पायाखालील चटई पुढे सरकून पेडलच्या मार्गात येणे.

यांपैकी चटई, वंगण आणि केबल यांची दुरुस्ती तुलनेने अल्प खर्चाची असते. म्हणून मोटार बदलण्याचा विचार करण्यापूर्वी माहीतगार मेकॅनिककडून तपासणी करून घ्यावी. जो चालक दुसऱ्याचे वाहन चालवितो, त्याने क्लच जड झाल्याचे मालकास स्पष्टपणे सांगावे आणि मालकाने ती तक्रार दुर्लक्षू नये. ज्याचा चरितार्थ वाहन चालविण्यावर आहे, त्याचा गुडघा निकामी होणे म्हणजे घराचे उत्पन्न थांबणे होय. दुरुस्तीनंतरही दुखणे टिकून राहिल्यास पुढील वाहन घेताना स्वयंचलित गिअरच्या मोटारीचा विचार करता येईल.

आसन नीट करावे

• आसनावर मागे टेकून बसावे. पाठ व कंबर पाठीला पूर्ण लागलेली असावी.
• क्लच तळापर्यंत दाबावा. त्या स्थितीत गुडघा किंचित वाकलेला राहील, इतके आसन पुढे-मागे करावे.
• आसन फार पुढे असल्यास गुडघा अधिक वाकतो व वाटीवरील दाब वाढतो. फार मागे असल्यास पाय ताणावा लागतो आणि कंबर एका बाजूस सरकते.
• उंची कमी-जास्त करण्याची सोय असल्यास खुबा गुडघ्याच्या पातळीत किंवा किंचित वर राहील असे पाहावे.
• उंची कमी असलेल्या व्यक्तींना आसन पुढे घ्यावे लागते. तरीही छाती व स्टिअरिंग यांत सुमारे २५ सेंटिमीटर अंतर ठेवावे.

घरात एकच मोटार अनेक जण चालवीत असल्यास प्रत्येकाने निघण्यापूर्वी आसन आपल्या उंचीप्रमाणे लावून घ्यावे.

चालविण्याच्या सवयी बदलाव्यात

• सिग्नलला किंवा कोंडीत मोटार थांबली असता गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा, हँडब्रेक लावावा आणि क्लचवरून पाय काढावा. गिअर टाकून क्लच दाबून धरल्यास गुडघ्याला क्षणाचीही विश्रांती मिळत नाही.
• गिअर बदलल्यानंतर डावा पाय क्लचवर टेकवून ठेवू नये. बाजूस पाय ठेवण्याची जागा असल्यास तेथे ठेवावा. हाफ क्लचवर मोटार चालविण्याने गुडघ्यावर ताण पडतो आणि क्लच प्लेटही लवकर झिजते.
• पेडल पायाच्या चवड्याने दाबावे. केवळ बोटांनी दाबू नये. गुडघा आत किंवा बाहेर न झुकवता पाऊल व गुडघा एका रेषेत ठेवावा.
• सैल चपला व उंच टाचांची पादत्राणे घालून मोटार चालवू नये. पावलावर घट्ट बसणारी, पातळ व न घसरणाऱ्या तळाची पादत्राणे योग्य होत.
• लांबच्या प्रवासात साधारणतः दर दोन तासांनी उतरून ५ ते १० मिनिटे चालावे.

घरी घ्यावयाची काळजी व व्यायाम

दुखणे नवे असताना कापडात गुंडाळलेला बर्फ दिवसातून दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी १० ते १५ मिनिटे लावावा. बर्फ थेट त्वचेवर ठेवू नये. वेदना शमेपर्यंत उकिडवे बसणे, मांडी घालून बराच वेळ बसणे व अनावश्यक जिने चढणे-उतरणे टाळावे. सपाट रस्त्यावर चालणे मात्र सोडू नये. पूर्ण विश्रांतीने स्नायू दुर्बल होतात आणि दुखणे लांबते.

तीव्र वेदना ओसरल्यानंतर पुढील व्यायाम रोज करावेत :

१. पाय पसरून बसावे. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती गुडघ्याने खाली दाबावी. मांडीचे स्नायू ५ सेकंद आवळून सोडावेत. असे १० वेळा करावे.

२. उताणे झोपून एक गुडघा वाकवावा. दुसरा पाय सरळ ठेवून सुमारे एक फूट वर उचलावा, ५ सेकंद धरावा व सावकाश खाली आणावा. असे प्रत्येक पायाने १० वेळा करावे.

३. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवून उचलावा. यामुळे खुब्याच्या बाजूचे स्नायू बळकट होतात व गुडघा आत झुकत नाही. असे प्रत्येक बाजूस १० वेळा करावे.

४. भिंतीला हात टेकून एक पाय मागे घ्यावा. टाच जमिनीवर ठेवून पोटरी २० ते ३० सेकंद ताणावी.

व्यायामाने तीव्र वेदना झाल्यास तो थांबवावा. गुण येण्यासाठी सामान्यतः किमान ६ आठवडे सातत्य आवश्यक असते. वजन अधिक असल्यास ते कमी केल्याने गुडघ्यावरील भार निश्चितपणे घटतो.

औषधांविषयी सावधगिरी

वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय दिवसेंदिवस घेऊ नयेत. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या औषधांनी जठरात व्रण होऊ शकतो व मूत्रपिंडास अपाय होऊ शकतो. मूत्रपिंडाचा विकार, उच्च रक्तदाब, हृदयरोग किंवा जठरव्रण असणाऱ्यांनी व गर्भवती महिलांनी अशी औषधे स्वतःहून घेऊ नयेत. ज्या औषधाने झोप किंवा गुंगी येते, ते घेतल्यावर वाहन चालवू नये. घटक न छापलेली चूर्णे व पुड्या टाळाव्यात. त्यांत स्टिरॉइड मिसळलेले असू शकते.

डॉक्टरांना केव्हा दाखवावे?

वरील उपाय करूनही दोन ते तीन आठवड्यांत उतार न पडल्यास जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा रुग्णालयात तपासणी करून घ्यावी. ई-संजीवनी सेवेद्वारे घरबसल्याही डॉक्टरांचा सल्ला घेता येतो. पुढील स्थितीत मात्र विलंब करू नये :

• गुडघा लाल, गरम व सुजलेला असून ताप आहे.
• गुडघा अडकतो, सरळ होत नाही किंवा चालताना अचानक दगा देतो.
• पडल्यानंतर किंवा अपघातानंतर पायावर भार घेता येत नाही.
• रात्री विश्रांतीतही वेदना थांबत नाही किंवा पायास बधिरता आली आहे.
• एकाच पोटरीस सूज, वेदना व उष्णता आहे. बराच वेळ बसून प्रवास केल्यानंतर शिरेत रक्ताची गुठळी झाल्याचे हे लक्षण असू शकते. त्यासोबत धाप लागल्यास किंवा छातीत दुखल्यास ११२ या क्रमांकावर दूरध्वनी करून तात्काळ रुग्णालय गाठावे.

क्लच पूर्ण दाबताना कळ येऊन पाय मागे येत असल्यास त्या दिवशी मोटार चालवू नये. अशा वेळी ऐन क्षणी पाय अडखळल्यास आपल्याबरोबर इतरांच्याही जिवास धोका संभवतो. डाव्या गुडघ्याचे दुखणे ही अनेकदा मोटारीने दिलेली सूचना असते. ती वेळीच ओळखून क्लच दुरुस्त करून घ्यावा, आसन नीट लावावे आणि गुडघ्यास बळ द्यावे.