टू-व्हीलर गॅरेज: गिऱ्हाईकाचं बजेट कमी आणि ब्रेक संपलेले, तेव्हा काय करायचं?



तुमच्यापैकी अनेक जण टू-व्हीलर गॅरेज टाकायच्या तयारीत आहात. जागा, हत्यारं, कॉम्प्रेसर, सुरुवातीचा पार्ट्सचा माल, हे सगळं प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये लिहिता येतं. आजचा प्रश्न मात्र कुठल्याही रिपोर्टमध्ये नसतो, आणि शटर उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात तो समोर उभा राहतो.

गिऱ्हाईक गाडी लावतं आणि म्हणतं, "दोन-अडीच हजारात बसवा सगळं." तुम्ही चाक खोलता. ब्रेक शू संपलेले, मागचा टायर गुळगुळीत, चेन लोंबकळलेली. पूर्ण काम करायचं तर पाच हजारांच्या घरात जातंय. आता काय कराल?

नवीन गॅरेजवाले बहुतेक वेळा दोनपैकी एक करतात. गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून ब्रेकचा नट आवळून "आता लागतोय बघा" म्हणून गाडी देतात. नाहीतर पाच हजारांची यादी हातात ठेवतात आणि गिऱ्हाईक पुढच्या चौकातल्या मिस्त्रीकडे जातं. पहिल्या प्रकारात कुणाचा तरी जीव पणाला लागतो, दुसऱ्यात तुमचा धंदा. आज आपण तिसरा मार्ग शिकणार आहोत. गिऱ्हाईकाच्या बजेटचा मान ठेवायचा, पण सुरक्षेची कामं त्या घासाघिशीतून बाहेर काढायची.

पायरी १: यादीचे तीन भाग करा

गाडी तपासल्यावर सगळी कामं एकाखाली एक लिहू नका. सिग्नलसारखे तीन रंग करा.

लाल म्हणजे आजच करायची कामं: ब्रेक शू किंवा डिस्क पॅड, ब्रेक केबल, ब्रेक ऑइलची गळती, टायर, व्हील बेअरिंग, हँडलचा कोन सेट, हेडलाईट आणि ब्रेक लाईट. दात झिजून टोकदार झालेला चेन सेटही यातच. चेन चालत्या गाडीत उतरली किंवा तुटली तर मागचं चाक जाम होऊ शकतं.

पिवळी कामं ठरलेल्या तारखेपर्यंत थांबू शकतात: काळं पडलेलं पण लेव्हलमध्ये असलेलं इंजिन ऑइल, एअर फिल्टर, स्पार्क प्लग, थोडी सैल झालेली चेन, झिजत आलेल्या क्लच प्लेट. इथे उशीर झाला तर सहसा खर्च वाढतो आणि ॲव्हरेज कमी होतं.

हिरवी कामं पैसे असतील तेव्हा करायची: सीट कव्हर, साइड पॅनेल, स्टिकर, पॉलिश.

एक गोष्ट लक्षात ठेवा. पार्टचं नाव बघून रंग ठरत नाही, त्याची अवस्था बघून ठरतो. पुढच्या शॉकअपचं सील थोडं ओलं असेल तर ते पिवळं. तेच तेल ओघळून डिस्कवर येत असेल तर लाल, कारण तेलकट पॅड पकडत नाही.

पायरी २: अंदाज सांगू नका, खूण दाखवा

"ब्रेक संपलेत" असं तुम्ही म्हणालात की गिऱ्हाईकाला वाटतं, हा पैसे काढतोय. म्हणून प्रत्येक लाल कामासाठी डोळ्याला दिसणारा पुरावा द्या.

ड्रम ब्रेक: बऱ्याच गाड्यांना ब्रेक प्लेटवर एक खूण आणि ब्रेक आर्मपाशी एक बाण असतो. ब्रेक दाबल्यावर बाण खुणेपर्यंत पोचला की शू बदलायची वेळ झाली. त्यानंतर नट आवळत राहिलं तर ब्रेक लागल्यासारखा वाटतो, पण आत लायनर उरलेला नसतो. धातू ड्रमवर घासतो, आणि आतला कॅम जास्त फिरून ब्रेक अडकूही शकतो.

डिस्क ब्रेक: बहुतेक पॅडवर झीज दाखवणारी खाच असते. खाच दिसेनाशी झाली की पॅड संपला. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलावं लागतं. ऑइलच्या टाकीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं असतं, तेच वापरा.

टायर: खोबणीच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की बदलायचा. टायरच्या बाजूला चार आकडी तारीखही असते. २३२१ म्हणजे २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नवीन टायर बसवताना हा आकडा गिऱ्हाईकाला स्वतःहून दाखवा.

हँडल: गाडी मेन स्टँडवर घ्या, पुढचं चाक उचला आणि शॉकअप खालून धरून पुढेमागे हलवा. खडखड लागली तर कोन सेट तपासा.

जुना पार्ट काढला की तो गिऱ्हाईकाच्या हातात द्या. घरी न्यायचा असेल तर पिशवीत घालून द्या. या एका सवयीने तुमचं गॅरेज इतरांपेक्षा वेगळं दिसतं.

पायरी ३: बजेटमध्ये काम बसवा

समजा, ११० सीसीची एक गाडी आली. आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत, तुमच्या गावचा भाव तुम्ही लावा.

दोन्ही ब्रेक शू मजुरीसह ७०० रुपये (लाल)
मागचा टायर फिटिंगसह १,७०० रुपये (लाल)
चेन सेट १,२०० रुपये (पिवळा, दात अजून ठीक आहेत)
इंजिन ऑइल ४५० रुपये (पिवळा)
सीट कव्हर ३५० रुपये (हिरवा)
साइड पॅनेल ४०० रुपये (हिरवा)

एकूण ४,८०० रुपये. गिऱ्हाईकाकडे आहेत २,५००.

आज शू आणि टायर केले की २,४०० होतात. उरलेल्या १०० मध्ये चेन ताणून, साफ करून वंगण द्या आणि ऑइलची लेव्हल बघा. पुढच्या पगाराला ऑइल आणि चेन सेट, म्हणजे १,६५०. सीट आणि पॅनेलचे ७५० दिवाळीला. गिऱ्हाईकाच्या खिशाला झेपलं, गाडी सुरक्षित झाली, आणि तुमच्या वहीत पुढच्या दोन फेऱ्या लिहिल्या गेल्या. घाईने ४,८०० मागितले असते तर कदाचित एकही फेरी मिळाली नसती.

आणि त्याच्याकडे १,००० च असतील तर? इथे तुमची खरी परीक्षा आहे. बरेच जण अशा वेळी स्वस्तातला लोकल ब्रेक शू टाकतात. तसं करू नका. मजुरी तुमची आहे, ती सोडणं तुमच्या हातात आहे. पार्टचा दर्जा कमी केलात तर त्याची किंमत रस्त्यावरचा माणूस मोजतो. म्हणून लाल कामात गरज पडली तर मजुरी पुढे ढकला, पार्टचे पैसे मात्र घ्या. टायरचे पैसे जमेपर्यंत गाडी वापरू नका, हे स्पष्ट सांगा. "सुरक्षा उधारी" साठी महिन्याला एक रक्कम ठरवून ठेवा, समजा ३,००० रुपये. त्यापलीकडे उधारी नाही. हिरव्या कामाला तर कधीच नाही. सीट कव्हर उधारीवर घालून ब्रेकला नाही म्हणणारी गॅरेजं आपण सगळ्यांनी पाहिलीत.

पायरी ४: स्वस्त पार्ट कुठे चालतो?

गिऱ्हाईकासमोर दोन नाही, तीन पर्याय ठेवा. गाडीच्या कंपनीच्या डब्यातला ओरिजिनल पार्ट, नावाजलेल्या पार्ट उत्पादकाचा स्वतःच्या ब्रँडखालचा पार्ट, आणि लोकल. मधला पर्याय ओरिजिनलपेक्षा बरेचदा स्वस्त पडतो आणि दर्जाला टिकतो. ब्रेक, टायर, ट्यूब, बेअरिंग, केबल यांत पहिले दोनच पर्याय ठेवा. लोकल माल ग्रिप, फूट रबर, सीट कव्हर, पॅनेलपुरता. डबा ओरिजिनल आणि आतला माल डुप्लिकेट हाही प्रकार बाजारात आहे, म्हणून माल बिलावरच घ्या. बिल नाही तर परतावा नाही.

एबीएस आणि सीबीएसबद्दलही नियम करा. १ एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीपेक्षा मोठ्या गाड्यांना एबीएस आणि त्याखालच्यांना किमान सीबीएस सक्तीचं झालं. एबीएसचा दिवा पेटतोय म्हणून फ्यूज काढून देणं किंवा सीबीएसची जोडणी सोडून देणं, असली "जुगाड" कामं तुमच्या गॅरेजमध्ये होणार नाहीत, हे कामाला ठेवलेल्या पोरांनाही पहिल्या दिवशीच सांगा.

पायरी ५: बोलायचं कसं?

गिऱ्हाईक म्हणेल, "अहो, ब्रेक लागतोय की! नुसता आवाज बंद करा."

तुम्ही म्हणा, "काका, गावात तीसच्या स्पीडला लागेल. पण साठने गाडी एका सेकंदाला सोळा-सतरा मीटर जाते. पावसात, मागे काकू बसलेल्या असताना कुत्रं आडवं आलं तर हा शू धरणार नाही. हा बघा, लायनर उरलाच नाहीये. सीटचं काम आपण पुढच्या महिन्यात करू, तिथले पैसे इकडे लावू."

घाबरवू नका, हिशोब दाखवा. आणि "सेफ्टी" हा शब्द ऑइल किंवा पॉलिश विकायला वापरू नका. एकदा गिऱ्हाईकाच्या लक्षात आलं की तुम्ही चांगला पार्ट भीती घालून बदललात, तर पुढच्या वेळी ब्रेक खरंच संपलेले असतानाही ते तुमचं ऐकणार नाही.

पायरी ६: नकार लिहून ठेवा

प्रत्येक गाडीचं जॉब कार्ड हवंच. त्यावर किलोमीटर, तीन रंगांतली कामं, सांगितलेला खर्च आणि गिऱ्हाईकाची सही. लाल काम नाकारलं तर तसं लिहा, पार्टचा फोटो त्यांच्या व्हॉट्सॲपवर पाठवा. गाडी त्यांची आहे, ती तुम्ही अडवून ठेवू शकत नाही. पण अर्धवट ब्रेकचं काम करायला नाही म्हणू शकता, गाडी रात्रभर ठेवून घ्यायची तयारी दाखवू शकता, घरच्यांना फोन करायला सांगू शकता.

कागद झाला म्हणजे जबाबदारी संपली असं समजू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सेवेतल्या त्रुटीबद्दल तक्रार करता येते. नट आवळून "काम झालं" असं बिल दिलंत, तर ते बिल तुमच्याच विरोधात उभं राहू शकतं.

गाडी देण्याआधी ॲक्सल नट, स्प्लिट पिन आणि ब्रेक लाईट अनुभवी माणसाने तपासायची, ट्रायलही त्यानेच मारायची. नवीन शू किंवा पॅड घासून बसायला थोडं अंतर लागतं आणि नवीन टायर सुरुवातीला निसरडा असतो. म्हणून पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जपून चालवा, हे तोंडी सांगा आणि कार्डावरही लिहा.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमच्या भागात जास्त चालणाऱ्या तीन गाड्या निवडा आणि प्रत्येकीच्या लाल कामांचा मजुरीसह दरफलक बनवा.

२. जॉब कार्डचा एक नमुना हाताने काढा. तीन रंग आणि नकाराची ओळ त्यात हवीच.

३. महिन्याची सुरक्षा उधारी किती, तो आकडा ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

ओळखीच्या गॅरेजमध्ये एक दिवस बसा आणि येणारी प्रत्येक गाडी मनातल्या मनात तीन रंगांत मांडा. दहा गाड्यांनंतर नजर तयार होते. पुढच्या भागात आपण पार्ट्सचा साठा किती ठेवायचा आणि त्यात पैसे अडकू कसे द्यायचे नाहीत, ते बघू. तोपर्यंत हेल्मेट घाला, आणि कामाला लागा!