पाच तारांच्या बेसचा खर्च : आधी पट्टी बघा, मग तार

ऑर्केस्ट्रात बेस वाजवणाऱ्याला पाचवी तार का हवीशी वाटते, याचं उत्तर गायकाच्या पट्टीत आहे. चार तारांच्या बेसवरचा सर्वांत खालचा स्वर ई, म्हणजे पांढरी तीन. गायक काळी एक किंवा पांढरी दोनमध्ये गाऊ लागला की खालचा षड्ज त्या ईच्याही खाली जातो आणि बेसवाल्याला तो वरच्या सप्तकात घ्यावा लागतो. गाणं अडत नाही, पण त्याचा तळ जातो. खालची बी तार आली की पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन आणि काळी दोन हे चारही षड्ज हाताखाली येतात. म्हणून पैसे काढण्याआधी आपण नेहमी वाजवतो त्या गाण्यांच्या पट्ट्या कागदावर लिहून काढा.

यादीत खालची गाणी पांढरी दोनचीच असतील, तर खर्च शून्य. ई तार डीपर्यंत उतरवा. ताण साधारण २० टक्क्यांनी घटतो आणि तार थोडी सैल लागते. १०५ ऐवजी ११० गेजची तार घातली की बरंच भागतं. सगळ्या तारा अर्ध्या स्वराने उतरवल्या तर काळी दोन खुली मिळते, आणि ताण ११ टक्केच कमी होतो.

त्याहून खाली जायचं असेल तरी लगेच नवा बेस घेऊ नका. पाच तारांचा संच घ्या, त्यातली बारीक जी तार बाजूला ठेवा आणि उरलेल्या चार तारा बी-ई-ए-डी अशा लावा. संचाला साधारण अडीच ते साडेतीन हजार आणि सेटअपला हजार ते दोन हजार रुपये लागतात; सुरुवातीच्या दर्जाचा पाच तारांचा बेस मात्र २५ ते ३५ हजारांच्या घरात जातो. वरचे स्वर सोडावे लागतात, पण साथीच्या कामात ते क्वचितच लागतात. जाड तारांसाठी नटच्या खाचा रुंद कराव्या लागतात आणि एकदा कापलेली खाच परत भरत नाही. त्यामुळे मूळ नट जपून ठेवून दुसरा बसवून घ्यावा, असं मी आग्रहाने सांगेन. १३० ची तार चावीच्या भोकात आणि ब्रिजमध्ये जाते का, हेही आधी बघा.

आता गेज. फसगत होते ती इथेच. लोक ब्रँड विचारतात, ताण विचारत नाहीत. ३४ इंची बेसवर डॅडॅरिओच्या निकेल तारांपैकी १०५ ची ई तार सुमारे ४० पौंडांनी ताणलेली असते, तर १३० ची बी तार जेमतेम ३४-३५ पौंडांनी. बी तार लोंबल्यासारखी वाटते ती यामुळे. तिला घट्टपणा आणायचे दोन मार्ग आहेत. पहिला, जाडी वाढवणं : १३५ ची तार त्याच स्वराला साधारण आठ टक्के जास्त ताण देते. दुसरा, लांबी : ३५ इंची बेसवर तीच तार त्याच सुरात सहा टक्के जास्त ताणली जाते. १९७५ साली बेसवादक अँथनी जॅक्सन यांनी वाद्य घडवणाऱ्या कार्ल थॉम्पसन यांच्याकडून बी ते सी असा सहा तारांचा बेस बनवून घेतला. पुढे जॅक्सन यांचे फोडेरा बेस ३६ इंची झाले, ते उगाच नव्हे. नवा पाच तारांचा बेस घेणारच असाल, तर रंग आणि लाकडाच्या आधी ही लांबी विचारा.

मेटलवाले बी तार आणखी उतरवून ए करतात. १३० ची तार तिथे २७-२८ पौंडांवर येते आणि फ्रेटवर आपटते. ए हवा असेल तर १४५ च्या आसपासची तार लावा. त्याखालचा एफ शार्प साध्या ३४ इंची बेसवर मागू नये. उलट, सोलो आणि कॉर्ड वाजवणाऱ्याने पाच तारांवर ई-ए-डी-जी-सी लावून पाहावं. सीसाठी ३० किंवा ३२ ची एक सुटी तार पुरते.

निकेलचा साधा संच बहुतेकांना योग्य. स्टील जास्त खणखणीत, पण फ्रेट लवकर झिजवते. फ्लॅटवाउंड महाग, पाच हजारांच्या पुढे. मात्र ती वर्षानुवर्षं टिकते, आणि जुन्या हिंदी-मराठी गाण्यांना तिचा गोल आवाज फार शोभतो. कोटिंगवाला संच साडेचार ते साडेसहा हजारांना मिळतो. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत आणि घामेजल्या हातांना तो परवडतो; नागपूर-सोलापूरच्या कोरड्या हवेत साध्या तारा वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसल्या तरी पुष्कळ चालतात. सहा तारांच्या संचाला पाचच्या संचापेक्षा हजार-दीड हजार जास्त धरा. मुंबईत धोबीतलावच्या दुकानांत आणि ऑनलाइन अशा दोन्हीकडे भाव विचारा, फरक पडतो.

नव्या बीचा आवाज पोकळ वाटला, तर तिला लगेच दोष देऊ नका. तिचा मूळ स्वर सुमारे ३१ हर्ट्झचा. घरच्या लहान अँपमधून तो नीट निघतच नाही. चांगल्या हेडफोनवर ऐकून मग ठरवा. गेज बदललं की मानेवरचा ताण बदलतो, म्हणून ट्रस रॉड आणि इंटोनेशन तपासून घेणं खर्चात आधीच धरा. आणि जाड तार कापण्याआधी चावीपाशी काटकोनात वाकवा, मग वाकलेल्या भागापुढे कापा. सरळ कापली तर वरचं वेटोळं आतल्या तारेवर सुटतं आणि नवीकोरी बी पहिल्याच दिवशी मरते.