कॅरिअर उतरवा, मग स्पॉयलरचं बघू

प्रश्न : माझी स्कॉर्पिओ समृद्धी महामार्गावर शहरापेक्षाही कमी ॲव्हरेज देते. स्पॉयलर बसवला तर फरक पडेल का?
– एक वाचक, सिडको, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : स्पॉयलरवर पैसे घालू नका. आधी टपावरचं कॅरिअर उतरवा. सावंगीहून समृद्धीवर चढलात की काचा बंद करून ऐका. टपावर शिट्टी वाजते ना, तिथेच तुमचं डिझेल जातं. उंच, चौकोनी गाडीला मुळातच वारा जास्त अडतो, त्यात ह्या नळ्या. सामान न्यायचंच असेल तर मागे डिकीत ठेवा.

दुसरं, वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. समृद्धीवर १२० ची मुभा आहे, पण १०० वर चालवलीत तर हा विरोध जवळपास ३० टक्क्यांनी घटतो. एवढं कुठलाही स्पॉयलर देणार नाही! पुढे बुलबार असेल तर तोही काढा; त्यावर केंद्राने २०१७ मध्येच बंदी घातली आहे. गाडीखाली पत्रे ठोकून घेऊ नका, सायलेन्सरची उष्णता अडकते.

टायरमधली हवा मात्र सकाळी, गाडी थंड असताना तपासा. दाब किती हवा, ते चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर पाहा. आता टाकी फुल करून एकदा कॅरिअरसह आणि एकदा कॅरिअरशिवाय जालन्याला जाऊन या, आणि आकडे आम्हाला जरूर कळवा.