निपाणीच्या मुलीने कुठली सीईटी द्यावी?

कर्नाटकची केसीईटी द्यायची की महाराष्ट्राची एमएचटी-सीईटी, हा तुझा प्रश्न पुण्यातल्या मुलीला पडत नाही गं, बंगळूरुच्या मुलीलाही नाही. तो आपल्याकडेच पडतो. घर निपाणीत, दहावी कर्नाटक बोर्डाची आणि बारावी अर्जुननगरच्या देवचंद कॉलेजात. म्हणजे गावाला लागूनच, पण कागल तालुका, कोल्हापूर जिल्हा, महाराष्ट्र बोर्ड.

माझं ऐकशील तर दोन्ही दे. क्लासवाले एकीवरच भर द्यायला सांगतात, पण आपल्या भागातल्या मुलीने स्वतःहून एक दार लावून घ्यावं, हे मला पटत नाही. फक्त दोन्हींचा हिशेब वेगळा आहे, तो आधी समजून घे. कर्नाटकात इंजिनिअरिंगच्या रँकमध्ये निम्मा वाटा बारावीच्या गुणांचा असतो, निम्मा सीईटीचा. महाराष्ट्रात बारावी पात्रतेपुरती, यादी लागते ती सीईटीवर. तिकडे कागदी ओएमआर, प्रत्येक विषयाचे ६० प्रश्न. इकडे कॉम्प्युटर, गणिताचा प्रत्येक प्रश्न दोन गुणांचा, आणि वेगवेगळ्या शिफ्ट असल्यामुळे निकाल पर्सेंटाइलमध्ये. चुकीच्या उत्तराला गुण कापणं दोन्हीकडे नाही, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नकोस.

आणि बारावीचा अभ्यास ढिला सोडू नकोस. नियम कसे फिरतात ते २०२२ साली सगळ्यांनी पाहिलंय. त्याच्या आदल्या वर्षी कोरोनामुळे कर्नाटकात पीयूसीची, म्हणजे तिकडच्या बारावीची, परीक्षाच झाली नव्हती, म्हणून रँक फक्त सीईटीवर लावले. पुढच्या वर्षी त्याच बॅचची मुलं पुन्हा सीईटीला बसली. त्यांचे पीयूसीचे गुण धरायचे नाहीत असं परीक्षा प्राधिकरणाने ठरवलं. मुलं हायकोर्टात गेली. शेवटी तडजोड झाली, त्यांच्या पीयूसीच्या दर विषयामागे सरासरी सहा गुण कमी करून रँक नव्याने लावले. तोवर सप्टेंबर उलटला होता. आपल्या बेळगावच्या विश्वेश्वरय्या विद्यापीठाखाली राज्यातली बहुतेक इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत. यादी अडली की त्या सगळ्यांचं पहिलं सेमिस्टर अडतं, आणि मग घाईघाईत शिकवलेलं मुलांच्या डोक्यावरून जातं. त्या मुलांचा यात काय दोष होता, सांग.

२०२४ला पेपरच चुकला. केसीईटीत अभ्यासक्रमाबाहेरचे इतके प्रश्न आले की पन्नास प्रश्न मूल्यमापनातून वगळावे लागले. पेपरात असं काही दिसलं तर घाबरून जाऊ नकोस, पुढचा प्रश्न घे.

तुझी मैत्रीण बीसीए करायचं म्हणते ना, तिलाही एक सांग. २०२४पासून महाराष्ट्रात बीबीए-बीसीएलाही सीईटी लागली, कारण हे कोर्स एआयसीटीईच्या, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, अखत्यारीत आले. जागा लाखाच्या वर आणि परीक्षेला पन्नास हजारही मुलं बसली नाहीत. जादा सीईटी घ्यावी लागली, तरी वर्ग रिकामे राहिले. मग काही कॉलेजांनी कोर्सचं नावच बदलून सीईटीतून सुटका करून घेतली. म्हणून कॉलेजचा फोन आला, "सीट आहे, लगेच या" म्हणाले, तर पदवीवर नेमकं काय छापून येणार ते तिने आधी विचारावं. जागा भरायची घाई त्यांना आहे, तिला नाही. राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या कॉलेजांत हेच कोर्स बारावीच्या गुणांवर मिळतात, तोही पर्याय तिने बघावा.

आता कागदपत्रं. खरी अडचण आपल्याकडे तिथेच येते. तुझी दहावी कर्नाटकातली, त्यामुळे महाराष्ट्राच्या नेहमीच्या कोट्यात तू बसत नाहीस. पण सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी तिथे वेगळी सोय आहे. दोन दाखले लागतात: एक, तू महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या सीमाभागातली आहेस याचा, आणि दुसरा, मातृभाषा मराठी असल्याचा. (कर्नाटकही जत, अक्कलकोट, गडहिंग्लजच्या कन्नड मुलांना अशीच सवलत देतं. तेव्हा हे दाखले मागताना संकोच कसला?) केसीईटीसाठी कर्नाटकात शिकल्याची किमान सात वर्षं दाखवावी लागतात. शाळेतून पहिलीपासूनचा दाखला आत्ताच लिहून घे, आणि तुझी बारावी राज्याबाहेरची असल्याने माहितीपुस्तिकेतली पात्रतेची कलमं एकेक करून वाच. निकालानंतर शाळेच्या ऑफिसात रांग लागते आणि ज्यांचं नाव रजिस्टरात एक, आधारवर दुसरं, ती मुलं रडकुंडीला येतात. तुझ्या आडनावाचं कन्नडवरून इंग्रजी करताना स्पेलिंग बदललंय का, ते आजच तपास.

अजून एक. केंद्र कोल्हापूरला आलं तर आदल्या दिवशीच मामीकडे मुक्कामाला जा. सीमाप्रश्न तापला की सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर एसट्या थांबतात, आणि परीक्षेची वेळ तुझ्यासाठी थांबत नाही. बाबा एकटीला पाठवायला कुरकुर करतील, त्यांच्याशी मी बोलते. तू आज शाळेत जाऊन ये आणि आडनावाचं काय निघालं ते मला रात्री कळव.