दारू सुटते, पण एकट्या शपथेने नाही

दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेलं व्यसनांचं देशव्यापी सर्वेक्षण २०१९ साली प्रसिद्ध झालं. त्यातली एक गोष्ट मी तेव्हापासून प्रत्येक प्रशिक्षणात फळ्यावर लिहिते. दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या दर ३८ जणांपैकी फक्त एकाला कुठला ना कुठला उपचार मिळाला. भरती होऊन उपचार घेतलेला १८० जणांत एक. बाकीच्यांच्या वाट्याला काय येतं, ते तालुक्याच्या गावी समुपदेशक म्हणून काम करताना रोज दिसतं. शपथा, शिव्या, गंडेदोरे, मार. उपचार आहेत आणि ते लागू पडतात, म्हणून हे लिहिते आहे.

१. रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका.

हे सगळ्यात आधी, कारण यात जीव जातो. घरचे चिडतात, माणसाला खोलीत घालून कडी लावतात, ‘आता बघू कशी सुटत नाही’ म्हणतात. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्या शरीराला दारूची इतकी सवय झालेली असते की ती अचानक थांबली की मेंदू बेफाम होतो. काही तासांतच हात कापू लागतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून काहींना भास होतात. भिंतीवर किडे चढताना दिसतात, दाराशी कुणी मारायला आलंय असं वाटतं. मग बाहेरचं काही लागलं म्हणून देवऋषीकडे नेतात आणि हातातला वेळ जातो.

हे दवाखान्यातही घडतं. गाडीवरून पडून पाय मोडलेला माणूस भरती होतो, ऑपरेशन नीट होतं आणि तिसऱ्या रात्री तो सलाईन उपटून पळत सुटतो. वॉर्डात ‘वेडा झाला’ असा बोभाटा होतो. भरती करताना ‘रोज किती घेता, शेवटची कधी घेतली’ एवढे दोन प्रश्न विचारले असते, तर आधीच औषध सुरू करता आलं असतं. लोराझेपाम किंवा डायझेपामसारख्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही दिवस देऊन हळूहळू कमी करतात. सोबत बी-वन जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देतात आणि ते ग्लुकोजच्या सलाईनच्या आधी देतात, नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. यात महागडं काही नाही. ते दोन प्रश्न प्रत्येक केसपेपरवर छापले जावेत, असं मला मनापासून वाटतं.

२. माळेचा मान ठेवावा, पण गोळी थांबवू नये.

आमच्याकडे येणाऱ्या पुष्कळांनी आधी माळ घातलेली असते, देवळात शपथ घेतलेली असते. त्या श्रद्धेने काही जण खरोखर टिकतात, आणि मी तिला कधीच धक्का लावत नाही. अडचण वेगळीच आहे. माळ घातलेल्या माणसाला गोळी घ्यायची लाज वाटते, आपली श्रद्धा कमी पडली असं वाटतं. मी त्याला सांगते, पांडुरंगाने गोळीला मनाई केलेली नाही.

दारूची ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन अमेरिकेत १९९४ पासून या आजारासाठी मान्य आहे. सोडलेली दारू सोडलेलीच राहावी म्हणून अॅकॅम्प्रोसेट आहे. सेमाग्लुटाइड या मधुमेहाच्या आणि वजनाच्या औषधाने दारूची ओढ कमी झाल्याचा एक छोटा अभ्यास २०२५ च्या फेब्रुवारीत आला. त्यात जेमतेम ४८ माणसं होती, त्यामुळे थांबून पाहायला हवं. माझी तळमळ जुन्या औषधासाठी आहे. तीस वर्षांची झालेली नाल्ट्रेक्सोन आमच्या मेडिकलवाल्याला आजही मुद्दाम मागवावी लागते.

आणि एक विनवणी. भाजीत, चहात गुपचूप पावडर घालू नका. बहुधा ते डायसल्फिराम असतं. ते पोटात असताना दारू घेतली की चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, धडधडतं, रक्तदाब कोसळू शकतो. ठाऊक असलेल्या, कबूल झालेल्या माणसाला हे औषध उपयोगी पडतं. नकळत दिलं तर ते विषासारखं होऊ शकतं.

३. पुन्हा प्यायला, म्हणून उपचार फुकट गेला असं नाही.

२००० साली अमेरिकेत मॅक्लेलन आणि सहकाऱ्यांनी व्यसनाची तुलना इतर दीर्घकाळच्या आजारांशी केली. उपचारानंतर वर्षभरात ४० ते ६० टक्के लोक व्यसनाकडे पुन्हा वळतात, तर रक्तदाब आणि दम्यात त्रास उलटण्याचं प्रमाण ५० ते ७० टक्के आढळलं. बीपी वाढलं म्हणून आपण कुणाला घराबाहेर काढत नाही.

तरी घसरलेल्या माणसाला सगळे एकच वाक्य ऐकवतात, ‘एवढा खर्च करून काय झालं?’ त्या वाक्यापायी तो फॉलो-अप बंद करतो. म्हणून भरती असतानाच मी नवरा-बायकोला समोरासमोर बसवते आणि ठरवून घेते की स्लिप झाली, म्हणजे तो पुन्हा प्यायला, तर त्याच दिवशी फोन करायचा. प्यायलेल्या माणसाशी रात्री वाद घालायचा नाही. सकाळी त्याला घेऊन यायचं. पगाराचा दिवस, लग्नाची वरात, यात्रा, ऊसतोडीची उचल हातात पडते तो आठवडा, हे धोके कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवायचे. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या, म्हणजे एएच्या, मीटिंगला जायचं. २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात असं दिसलं की एएशी जोडून देणारं पद्धतशीर समुपदेशन, दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत, इतर मानसोपचारांपेक्षा सरस ठरतं. गावोगाव मीटिंग नसतात, ही मात्र मोठी उणीव आहे.

४. समुपदेशक पदवीधरच लागतो असं नाही.

गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने केलेला प्रयोग प्रत्येक जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याने वाचावा. अभिजित नाडकर्णी, विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतले ३७७ पुरुष घेतले. घातक प्रमाणात पिणारे, पण पुरते आहारी न गेलेले. मानसोपचाराचं कुठलंही शिक्षण नसलेल्या स्थानिकांना प्रशिक्षण दिलं आणि त्यांनी प्रत्येकाशी जास्तीत जास्त चार वेळा बैठक घेतली. २०१७ च्या ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले. तीन महिन्यांनी, मागच्या चौदा दिवसांत अजिबात न प्यायलेले या गटात ४२ टक्के होते, नेहमीचा उपचार मिळालेल्या गटात १८. जे पीत राहिले, त्यांचं पिण्याचं प्रमाण मात्र घटलं नाही, हेही त्यांनी स्वच्छ लिहिलं.

याचा अर्थ मी असा घेते की ३८ मध्ये एक हे प्रमाण बदलायला नव्या इमारतींची वाट पाहायला नको. लिव्हर सुजून, घर मोडून माणूस माझ्यापर्यंत येतो, त्याच्या दहा वर्षं आधी तो ताप, पित्त, अंगदुखी घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात येऊन गेलेला असतो. तिथे त्याच्याशी त्याच्या बोलीत अर्धा तास बोलणारं कुणी हवं. आशाताईंवर हे काम टाकायचं असेल, तर त्याचं वेगळं मानधन द्या. त्यांच्या पाठीवर आधीच भरपूर ओझं आहे.

५. बायकोला तिच्याबद्दल विचारा.

‘तो कसा आहे’ हे तिला सगळे विचारतात. तिची झोप, तिचा मार, तिचं कर्ज कुणी विचारत नाही. पहिल्या भेटीत मी तिला वेगळी बसवते.

६. गर्दवाल्या पोराला फक्त कोंडून बरं करता येत नाही.

१९८६ साली पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने अनिल आणि अनिता अवचटांनी पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं, ते गर्दने, म्हणजे ब्राऊन शुगरने, पोखरलेली तरुण मुलं पाहून. आज आईवडील विचारतात, ‘ब्युप्रेनॉर्फिनची गोळी म्हणजे एक नशा सोडून दुसरी नाही का?’ नाही. ती गर्दची ओढ आवरते, डॉक्टरांच्या हातून, ठरलेल्या मात्रेत मिळते आणि मुलगा कामाला जाऊ शकतो. उलट, महिनाभर नुसतं कोंडून सोडलेल्या मुलाच्या शरीराची सवय मोडलेली असते. पूर्वीइतकीच मात्रा त्याने घेतली तर श्वास थांबू शकतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मनोविकारही येतात, आणि त्या कायद्याने रुग्णाला साखळीने बांधायला बंदी आहे. अमली पदार्थांच्या कायद्यातलं ६४ अ हे कलम, स्वतःहून उपचाराला आलेल्या व्यसनी माणसाला ठरावीक गुन्ह्यांत खटल्यापासून संरक्षण देतं. पोलिसांच्या भीतीने मुलाला लपवणाऱ्या घरांना हे कुणीतरी सांगायला हवं.

७. दुकान बंद होईल, त्याच आठवड्यात गावात डॉक्टर हवा.

वर्ध्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. बंदी फसते की चालते यावर वाद घालणाऱ्यांनी बाटली आडवी करायला, म्हणजे दुकान बंद करण्याच्या बाजूने मत द्यायला, रांगेत उभ्या राहणाऱ्या बायकांकडे एकदा पाहावं. दारू हाताशी असली की पिणं वाढतं, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. मी त्यांच्या बाजूची आहे. पण दुकानाला कुलूप लागलं की त्याच रात्री गावातल्या रोज पिणाऱ्यांचे हात कापू लागतात आणि शेजारच्या गावची हातभट्टी सुरू होते. गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ अभियानाने गावाची बंदी आणि व्यसनींचा उपचार एकत्र चालवला आहे. गावात शिबिरं घेतात, तालुक्याला क्लिनिक चालवतात. इतर जिल्ह्यांतही मतदानाची तारीख जाहीर झाली की तहसीलदारांनी तिची एक प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना पाठवावी. निकालाच्या दुसऱ्या दिवशी गोळ्या, बी-वनची इंजेक्शनं आणि एक समुपदेशक घेऊन गाडी त्या गावच्या शाळेपाशी उभी असावी.