खाऱ्या वाऱ्यातली जीप

जुनी अमेरिकन गाडी म्हटलं की मस्टँग, चार्जर, मोठमोठी व्ही-८ इंजिनं डोळ्यांसमोर येतात. कोकणात मात्र अमेरिकेतून आलेली आणि खरोखर रुळलेली गाडी एकच, जीप. विलीस कंपनीच्या परवान्यावर महिंद्राने ती मुंबईत माझगावला जोडायला घेतली आणि पुढे इथेच बनवली. उंच बॉनेटची सीजे-३बी विलीसने १९५३ मध्ये आणली. अमेरिकेत ती १९६८ मध्ये थांबली, आपल्याकडे त्यानंतरही निघत राहिली. घरच्या घरी जुन्या गाडीवर हात चालवायचा असेल तर माझं मत या गाडीला. पत्रा सपाट, बोल्ट हाताला येणारे, इंजिन चार सिलिंडरचं. बहुतेक काम खळ्यात होतं.

रत्नागिरीजवळच्या आमच्या भाट्यात एक अडचण जास्तीची. एका अंगाला काजळीची खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधे सुरूचं बन. वारा मीठ घेऊनच येतो. पुण्यातल्या माणसाने लिहिलेल्या क्रमाने इथे काम केलं तर वर्षभरात रंगाखाली फोड येतात. म्हणून खालच्या कृतीत मीठ आधी, इंजिन नंतर आणि रंग सगळ्यांत शेवटी आहे.

कागद आणि जागा

गाडी बघायला जाल तेव्हा पाना मागाहून, आरसी आधी. चॅसिस नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. तो गंजात बुजलेला असेल तर डिझेलचा फडका आणि वायर ब्रश हलक्या हाताने फिरवा. ग्राइंडर तिथे लावायचाच नाही. नंबर पुसला गेला तर गाडी कायमची संशयात राहते. जुन्या जीपचं मूळ पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेलं सर्रास आढळतं. तो बदल आरटीओत नोंदलेला आहे का, हे पैसे देण्याआधी बघा.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर ५ वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटली असतील तर २०२१ च्या केंद्रीय नियमांनी व्हिंटेज नोंदणीची वाट खुली केली आहे. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते, आणि चॅसिस, बॉडी, इंजिनात मोठे बदल केलेले चालत नाहीत. पावसला जायला, बाजारहाट करायला गाडी हवी असेल तर साधं नूतनीकरणच बरं.

जागा अशी निवडा की पश्चिमेला भिंत असेल आणि बाकी बाजू मोकळ्या. माडाखाली नको, एक नारळ बॉनेटवर पडला की केलेलं काम गेलं. जमीन कोबा केलेली हवी. गाडी उचलून ठेवायला लोखंडी स्टँडच वापरा. आपल्याकडे चिरे हाताशी असतात म्हणून त्यांवर गाडी टेकवायचा मोह होतो, पण एका टोकावर भार आला की चिरा काही न सांगता फुटतो. चिऱ्यावर टेकलेल्या गाडीखाली कुणीही शिरू नये.

काम दसऱ्यानंतर काढा. पत्रा आणि प्रायमर मे संपायच्या आत उरका. पावसाळ्यात पडवीत बसून कार्बोरेटर, डायनॅमो, व्हील सिलिंडर अशी सुटी कामं करता येतात.

खोलण्याआधीची तपासणी

एक छोटी हातोडी आणि एक टोच्या घ्या. हातोडी सगळ्या पत्र्यावर हळू मारत जा. चांगला पत्रा टणटणतो, कुजलेला थपथप वाजतो. जिथे आवाज बदलला तिथे टोच्या दाबा. आत गेला तर तेवढ्या जागेला खडूने गोल करा.

जीपमध्ये गंज ठरलेल्या ठिकाणी सापडतो. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली एका खोलगट भागात बसते. त्या खोलगटात पाणी आणि वाळू साठते, आणि टाकी उचलल्याशिवाय काही दिसत नाही. दुसरी जागा तळाच्या पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्या. या उलट्या पन्हळीसारख्या असतात, आत गेलेला ओलावा बाहेर येत नाही. वरून तळ धड दिसतो आणि खालून पट्टी बोटाने तुटते. तिसरी जागा कमानपाट्यांचे चॅसिसवरचे ब्रॅकेट. इथे खोल गंज निघाला तर ते काम चांगल्या वेल्डरकडेच द्या, कारण चालत्या गाडीत ते तुटलं तर ॲक्सल जागा सोडतो.

आता मोबाईलवर फोटो काढा, भरपूर काढा. प्रत्येक वायर, प्रत्येक वॉशर. बोल्ट निघाला की पिशवीत, पिशवीवर नाव. जाम बोल्टला पहिल्याच दिवशी पान्यावर पाईप घालून जोर लावू नका. डिझेल किंवा गंज सुटायचं तेल मारा, रात्रभर मुरू द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा. बोल्ट आधी किंचित घट्ट फिरवून मग सैल करावा. खारट गंज त्या उलट्या झटक्याने मोडतो. तरीही ऐकला नाही तर उष्णता, पण पेट्रोलची टाकी आणि पाईप गाडीपासून लांब नेल्यावरच. रिकाम्या टाकीला घरी वेल्डिंग कधीच करू नका. तिच्यातली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते.

मीठ काढणं

इथे घाई करणाऱ्याचा पुढचा सगळा खर्च वाया जातो.

छोटे भाग, म्हणजे ब्रॅकेट, बिजागऱ्या, पेडल, दिव्यांच्या कडा, विजेवर साफ करा. प्लास्टिकचं टब पाण्याने भरा, दर ४ लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा विरघळवा. गंजका भाग तारेने मधे टांगा आणि बॅटरी चार्जरची ऋण वायर त्याला जोडा. धन वायर एका भंगार लोखंडाच्या पट्टीला. दोन्ही एकमेकांना टेकता कामा नयेत. चार्जर सुरू केला की भागाभोवती बारीक बुडबुडे येऊ लागतात आणि काही तासांत पाणी विटकरी होतं. भाग बाहेर काढला की गंजाचा काळा गाळ झालेला असतो, तो ब्रशने सुटतो. चांगलं लोखंड जराही झिजत नाही, म्हणून मला ही रीत ग्राइंडरपेक्षा आवडते. तीन गोष्टी मात्र पाळा: काम उघड्यावर, कारण बुडबुडे हायड्रोजनचे असतात, पट्टी स्टेनलेस स्टीलची नको, तिच्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं, आणि कमानपाटे किंवा कुठलीही स्प्रिंग या टबात घालू नका, कठीण पोलाद त्याने ठिसूळ होतं.

मोठ्या पत्र्याला वायर ब्रश आणि पॉलिश पेपर. चष्मा आणि मास्क लावूनच. लोखंड पांढरं दिसायला लागलं म्हणजे काम झालं असं वाटतं, पण गंजाच्या बारीक खळग्यांत मीठ उरलेलं असतं. त्यावर रंग दिला तर मीठ रंगातून ओलावा ओढून घेतं आणि आतून फोड उठतात. म्हणून घासलेला पत्रा गोड्या पाण्याने धुवा, ब्रशने खळगे घासा, पुन्हा धुवा. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी वापरण्याआधी चाखून बघा; मचूळ लागलं तर नळाचं पाणी आणा. धुतल्यावर फडक्याने पुसून ब्लोअरने किंवा उन्हात खडखडीत वाळवा आणि त्याच दिवशी प्रायमर मारा. सकाळी उघडा ठेवलेला पत्रा इथे संध्याकाळी पिवळट होतो. त्यामुळे एका दिवसात जेवढ्याला प्रायमर लावून होईल तेवढाच भाग घासायला घ्या.

प्रायमर इपॉक्सीचा घ्या, दोन डब्यांचा. रेड ऑक्साइड स्वस्त आहे, सगळीकडे मिळतो, पण नुसत्या रेड ऑक्साइडवर गाडी महिनाभर उभी राहिली की तो ओलावा शोषतो आणि खाली गंज चालू होतो.

कुजलेला पत्रा कापायचा तो धड लोखंड लागेपर्यंत. गंजावर तुकडा चिकटवला तर कडेने पुन्हा कुजतो. साधारण १८ गेजचा पत्रा लागतो. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापा, जागेवर बसवून बघा, मग पत्रा. वेल्डिंग टिपक्या-टिपक्यांनी, एकदा इकडे एकदा तिकडे, नाहीतर तापून पत्रा लाटा घेतो. लांबी शेवटी, प्रायमरवर, पातळ थर. भोक बुजवायला लांबी वापरणारे कारागीर आहेत. त्यांना गाडी देऊ नका. लांबी पाणी पिते. नव्या तळाखालच्या पट्ट्यांना सगळ्यांत खालच्या जागी निचऱ्याची भोकं ठेवा आणि आतून कॅव्हिटी वॅक्स फवारा.

ब्रेक, मग इंजिन

इंजिन धडधडायला लागलं की कुणाला तरी गाडी खळ्याबाहेर काढायची इच्छा होतेच. म्हणून ब्रेक आधी. या जीपला चारही चाकांचा ब्रेक एकाच लाइनवर आहे. एक पाईप फुटला की चारही चाकं गेली. जुने लोखंडी पाईप बाहेरून रंगवलेले आणि आतून खाल्लेले असतात, ते सगळेच नवे घाला. मास्टर सिलिंडर पायाखालच्या पत्र्याच्या खाली आहे, त्यामुळे चिखलपाणी त्यालाच लागतं. आतून खळगे पडले असतील तर किट बदलून भागत नाही, सिलिंडरच बदलावा. जुन्या लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं. हवा मारून उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. हवा काढायला मास्टर सिलिंडरपासून लांबच्या चाकापासून सुरुवात करा: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं.

इंजिन वर्षानुवर्षं बंद असेल तर स्टार्टर मारू नका. प्लग काढा, प्रत्येक भोकात थोडं तेल सोडा, दोनतीन दिवस ठेवा. मग हँडल घालून हाताने फिरवा. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा. उलटा झटका आला तर अंगठा वाचतो. इंजिन मोकळं फिरलं तर तेल आणि फिल्टर बदला आणि कॉम्प्रेशन तपासा. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बराच कमी दाखवत असेल तर व्हॉल्व्ह किंवा रिंगा. ब्लॉक बोअर करायची वेळ आली तर तो आंबा घाट चढून कोल्हापूरच्या उद्यमनगरात न्यावा. मशिनकामाचा तिथला हात जुना आहे.

हे इंजिन २१९९ सीसीचं हरिकेन. त्याचा इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये, त्यामुळे गॅप दोन ठिकाणी बघावा लागतो: थंड इंजिनावर इनटेक ०.०१८ इंच, एक्झॉस्ट ०.०१६ इंच. प्लगचा गॅप ०.०३० इंच, पॉइंटचा ०.०२० इंच, फायरिंग क्रम १-३-४-२. या आकड्यांवर गाडी नीट लागते. नाही लागली तर आधी दोष अर्थिंगमध्ये शोधा. गंजलेल्या पत्र्यातून अर्थ मिळत नाही आणि लोक उगाच कॉइल बदलत बसतात. बॅटरीपासून चॅसिसला आणि चॅसिसपासून इंजिनाला जाड वायर टाका, टोकाखालचा रंग खरवडून. वायरिंग जुनं असेल तर सगळंच नवं करा.

पेट्रोलचे रबरी पाईप इथेनॉल सोसणारे घ्या. आताच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुनं रबर खराब करतं आणि हवेतलं पाणी ओढतं, म्हणून गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी गळ्यापर्यंत भरलेली ठेवा.

रंग

रंगावर मी कमी लिहितो, कारण त्यावर सगळेच बोलतात. दोन डब्यांच्या पीयू रंगाची वाफ फुफ्फुसाला घातक असते. योग्य श्वसनमास्क आणि बूथ नसेल तर तो रंगकाम करणाऱ्याकडून मारून घ्या. घरी करायचं तर चांगला एनॅमल ब्रशने, दोन-तीन पातळ हात. जीपला तो शोभतो, आणि ओरखडा गेला तर पुन्हा तेवढाच भाग करता येतो. हवा कोरडी असलेला जानेवारी-फेब्रुवारी त्यासाठी उत्तम. दुपारी दोननंतर समुद्राचा वारा वाढला की हात थांबवा.

पुढची देखभाल

गाडी किनाऱ्यावरच्या वाळूत उतरवू नका. खाडीपुलावरून रत्नागिरीला रोज ये-जा असेल तर आठवड्याला एकदा खालून गोड्या पाण्याने धुवा, चाकांच्या कमानी आणि कमानपाट्यांच्या फटी विशेष. धुतल्यावर थोडी चालवा, म्हणजे ड्रम वाळतात. ग्रीस निपलांना नियमित ग्रीस द्या. नवं ग्रीस जुनं खारट पाणी बाहेर ढकलतं, म्हणून कडेने स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत गन मारत राहा. ब्रेक ऑइल ओलावा शोषतं, ते इथे वर्षाला बदलावं. गॅरेजमधलं काळं जळकं तेल चॅसिसला फासायची पद्धत सोडून द्या: रबर फुगतं आणि तेच तेल पावसात विहिरीकडे जातं. त्याजागी वॅक्स.

पावसाळ्यात गाडी छपराखाली स्टँडवर, बॅटरी काढून घरात. अंगाला चिकटून ताडपत्री बांधू नका, आत घाम साठतो आणि पत्रा बाहेर ठेवल्यापेक्षा लवकर जातो. वारा खेळू द्या. सीटखालच्या खोलगटातला निचरा काडीने मोकळा करा. एक्झॉस्टच्या तोंडाला चिंधी कोंबा आणि स्टिअरिंगला लाल फडका बांधा, म्हणजे चिंधीची आठवण राहते. उंदीर वायरी कुरतडतात, तेव्हा बॉनेट दर आठवड्याला उघडून बघा. त्याच वेळी प्लग काढून हँडलने इंजिन दोन-चार फेरे फिरवा. दसऱ्याला गाडी खाली उतरवताना आधी चिंधी काढा, ब्रेक ऑइलची पातळी बघा, पेडल दाबून धरा आणि ते हळूहळू खाली जात नाही ना हे तपासा. मगच चावी लावा.